उसनी तुळस

घर विकायला काढलेल्या माणसाशी त्याच्याच घराबद्दल त्याला न दुखावता कसं बोलावं, हे भंडारा जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला जमत असेल असं मला वाटत नाही. म्हणजे गेल्या डिसेंबरपर्यंत तरी वाटत नव्हतं.

माझी नोकरी भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. घरांबद्दल सल्ला देणं हा फावल्या वेळचा उद्योग. सुरुवात झाली ती आमच्या गल्लीतल्या उषाबाईंपासून. त्यांचं घर दीड वर्ष विकलं जात नव्हतं, आणि का ते त्यांच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या फुलांचं असं रान माजलं होतं की सोफ्यावर टेकलं की मोगरा कानात जायचा! मी त्यांना म्हटलं, "काकू, फुलं इतकी खरी वाटतात की घेणाऱ्याला वाटेल, एवढ्यांना रोज पाणी कोण घालणार?" फुलं त्याच दिवशी माळ्यावर गेली आणि घर महिन्याभरात. मग कोंढ्याचे लक्ष्मणराव. त्यांच्या न्हाणीघरात बकरी राहत होती. मी एवढंच म्हटलं की बकरी फार देखणी आहे, तिच्यापुढे घराकडे कुणाचं लक्षच जाणार नाही. लक्ष्मणराव इतके खूश झाले की त्यांनी आधी बकरी विकली.

माझं एक तत्त्व होतं. घर दाखवताना घरातली माणसं भिंतीवर दिसता कामा नयेत. देव, आजोबा, मुलांच्या बक्षिसांच्या ढाली, सगळं पेटीत. भिंत कोरी मिळाली की घेणारा मनातल्या मनात तिच्यावर स्वतःचे आजोबा टांगतो. हे वाक्य मी चार घरांत म्हटलं. चारही घरांत लोकांनी मान डोलावली आणि आजोबा उतरवले.

पाचवं घर आमचंच होतं.

बाबा एप्रिलमध्ये गेले. त्यानंतर आई अड्याळच्या घरात एकटीच होती. हे घर बाबांनी, म्हणजे गणवीर गुरुजींनी, नोकरीत असताना बांधलं, बसस्टँडमागच्या प्लॉटांमध्ये. त्या भागात तोवर आमच्या समाजातलं कुणी नव्हतं. पहिले दोन प्लॉट बाबांनी आडनाव सांगितलं त्याच संध्याकाळी अचानक विकले गेले होते. तिसरा मिळाला. मग बाबांनी पुढची भिंत निळी रंगवली, फाटकावर सिमेंटमध्ये 'तथागत' अशी अक्षरं काढून घेतली आणि हॉलमध्ये दाराच्या बरोबर समोर, रस्त्यावरून दिसेल असा, बाबासाहेबांचा मोठा फोटो लावला. म्हणाले, ज्याला यायचं आहे त्याने पाहून यावं. शेजारच्या कुंताबाई आठ दिवस पाहत होत्या. नवव्या दिवशी वाटीभर लाखोळीची भाजी घेऊन आल्या, आणि तेव्हापासून येतच आहेत.

आता आईने भंडाऱ्याला माझ्याकडे यायचं ठरलं होतं. घराला एकच गिऱ्हाईक होतं, खतविक्रेते भैयाजी. त्यांना तिथे गोदाम करायचं होतं. हॉलची भिंत पाडून शटर बसवायचं होतं. आईचं म्हणणं एवढंच होतं, "या घरात चूल पेटली पाहिजे. खताच्या बोऱ्या नोको." पण चूल पेटवणारं कुणी येत नव्हतं, आणि भैयाजींना रविवारपर्यंत हो की नाही ते हवं होतं. अशात भुपेंद्रचा फोन आला. भुपेंद्र स्टँडवर झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि दोन झेरॉक्सच्या मधल्या वेळात घरं विकतो. तो म्हणाला, नोकरीवालं कुटुंब आहे, गुरुवारी घर पाहायला येतात.

मी तीन दिवसांची रजा टाकून अड्याळ गाठलं. भुपेंद्रला बजावलं, आमचं आडनाव आधी सांगायचं नाही. तो जरा थांबला. मग म्हणाला, "ठीक आहे ताई. मी कायले सांगू?" तो का थांबला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मी वाचणारी बाई आहे. जातीवर मी कपाटभर पुस्तकं वाचली आहेत, दोन-तीन कार्यक्रमांत पाच-पाच मिनिटं बोललेही आहे. त्यामुळे मी जे करायला निघाले होते त्याला नाव द्यायला माझ्याकडे भरपूर शब्द होते. 'तटस्थ मांडणी' हा मला सगळ्यात आवडला.

आईशीही मी न दुखावताच बोलले. म्हटलं, येण्याजाण्यात धक्का लागेल, बाबासाहेबांच्या फोटोची काच फार जुनी आहे, आतल्या पेटीत सुरक्षित राहील. आई म्हणाली, वीस वर्षं नाही तडकली. मी म्हटलं, आणि गोदाम झालं तर? यावर ती स्टुलावर चढली, मोठा फोटो उतरवला, मग त्याच्या बाजूचा, एप्रिलपासून लावलेला बाबांचा. दोन्ही पदराने पुसले आणि माझ्या हातात दिले. "तूच ठेव," म्हणाली.

मी ते पेटीत साड्यांच्या घडीत ठेवले. उपडे ठेवले नाहीत, एवढंच.

फोटो उतरवल्यावर भिंतीवर दोन चौकोन राहिले. बाकीची भिंत वर्षानुवर्षं उन्हाने फिकी झाली होती. मोठ्या चौकोनातला रंग मात्र कालच दिल्यासारखा होता, आणि आठ महिन्यांत दुसऱ्यानेही बाजूच्या भिंतीपेक्षा जरा गडद दिसायला सुरुवात केली होती. हॉल रंगवायला वेळ नव्हता. मोठ्या चौकोनावर मी स्टँडवरून आणलेलं धबधब्याचं चित्र टांगलं. ते लहान पडलं, पण तिकडे कोण पाहतं? दुसऱ्यावर कुंताबाईंनी दिलेलं लक्ष्मीचं कॅलेंडर. पुढच्या निळ्या भिंतीला क्रीम रंगाचा एक हात मारला. एका हाताने निळा मरत नाही, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. भिंत आजारी पोपटासारखी दिसायला लागली! फाटकावरच्या अक्षरांवर मनीप्लॅंटचा वेल असा ओढला की फक्त 'त' दिसावा. 'त'पासून तपोवन होतं, तुळजाई होतं, काहीही होतं.

पोपटावरून लोकांचं लक्ष हटवायला दाराशी काहीतरी हिरवं हवं होतं. मी कुंताबाईंना म्हटलं, दोन दिवसांसाठी एखादी कुंडी द्या. त्यांच्याकडे देण्यासारखी एकच कुंडी होती, तुळशीची. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा क्रीम मारलेल्या भिंतीकडे पाहिलं आणि कुंडी आणून दिली. तुळस ही पुदिन्याच्याच कुळातली वनस्पती आहे, हे मी वाचलेलं होतं. दाराशी पुदिना ठेवायला कुणाची काय हरकत असणार?

पण कुंताबाईंनी ते वाचलेलं नव्हतं. गुरुवार उजाडला तो मार्गशीर्षातला होता. आपली तुळस दुसऱ्याच्या दारात उपाशी कशी ठेवायची म्हणून त्या सकाळीच येऊन कामाला लागल्या. मी अंघोळ करून बाहेर आले तर कुंडीला हळदकुंकू लागलं होतं, पुढे दिवा होता, उदबत्ती होती आणि उंबऱ्यापासून फाटकापर्यंत रांगोळी! आमच्या घरात आता फक्त भटजींची कमतरता होती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे पाहत होती.

"तुह्या बाबानं आता घर नसतं ओळखलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, दोनच तासांचा प्रश्न आहे.

अकरा वाजता पुढे भुपेंद्रची मोटारसायकल आणि मागे ऑटो अशी मंडळी आली. भुपेंद्र फाटकाशीच मोबाइल काढून उभा राहिला. पाहुणे तिघं होते. नवरा चाळिशीचा, सिंचनच्या ऑफिसात कारकून. अजित, असं त्याने नाव सांगितलं. बायको खुशबू. आणि त्याची आई पार्वताबाई. त्यांचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, पुनर्वसनात मिळालेलं घर भावाकडे, आणि हे पवनीला भाड्याने. अजितच्या मनगटावर लाल धागा होता. खुशबूच्या कपाळावर रुपयाएवढी टिकली होती. मी मनात म्हटलं, बघ, तुळस ठेवली ते बरं झालं.

अजितने तुळस पाहिली आणि तो थबकला. मग त्याने घाईघाईने तिला हात जोडले. हात जोडल्यावर लक्षात आलं की पायात बूट आहेत, म्हणून बूट काढले आणि पुन्हा जोडले. केवढा भाविक माणूस, मला वाटलं. खुशबूने आत येताच विचारलं, देवघर कुठे आहे? देवघर! सगळी तयारी केली होती आणि नेमकं तेच विसरले होते. मी म्हटलं, देवघराचं काम सुरू आहे. ती म्हणाली, आमच्याकडेही सुरूच आहे. तिला हे ऐकून हायसं वाटलेलं मला स्पष्ट दिसलं, पण मी त्याचा अर्थ काही वेगळाच लावला.

आईने तर्रीपोहे आणले. खुशबू म्हणाली, माझा गुरुवार आहे. अजित म्हणाला, माझाही. आता मी मागे राहणं बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, आमचाही आहे. यावर पाच बशा पोहे टेबलावर वाफाळत राहिले आणि ते नेमके कुणासाठी केले होते, हा प्रश्न सगळ्यांनीच मोठ्या मनाने टाळला. तर्रीचा वास घरभर फिरत होता. शेवटी पार्वताबाईंनी हात पुढे केला.

"मले नाई जमत उपासतापास," त्या म्हणाल्या. "गोळ्या सुरू आहेत." आणि शांतपणे खायला लागल्या. सुनेने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू एखाद्या नटाने रंगमंचावर स्वतःचंच नाव सांगितलं.

मग अजितने खाकरून विचारलं, इकडचे लोक कसे आहेत? मी म्हटलं, चांगले आहेत. म्हणजे कसे, त्याने विचारलं, म्हणजे सगळे... चांगलेच असतील. तो काय विचारतोय ते मला कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. असे प्रश्न मी आयुष्यभर ऐकले होते, फक्त नेहमी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीतून.

"काळजी करू नका," मी म्हटलं. "सगळे आपल्यासारखेच. इथे तसलं कुणी नाही."

हे वाक्य मी बाबांच्या हॉलमध्ये, बाबांच्या खुर्चीत बसून म्हटलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

अजितचा चेहरा उतरला. मला वाटलं, त्याची खात्री पटली नसावी. म्हणून मी तेच आणखी दोनदा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, बरं मग, कळवतो. त्यांना येऊन बारा मिनिटं झाली होती. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं, गच्ची पाहिली नव्हती, एकही नळ सोडून पाहिला नव्हता. जो नळ सोडून पाहत नाही तो घर घेत नाही, हे मी चार घरांत शिकले आहे. समोरची भिंत मला आत्ताच शटरसारखी दिसायला लागली.

तेवढ्यात पार्वताबाई बशी घेऊन उठल्या आणि भिंतीशी गेल्या. भात शिजला की नाही हे पाहायला झाकण उचलावं, तसा त्यांनी धबधब्याचा कोपरा एका बोटाने उचलला. आत पाहिलं. मग त्याच्याखालच्या लाकडी फळीवर नख घासलं. फळीवर वीस वर्षांचं मेण होतं. घराचा कोपरा न् कोपरा पुसला होता मी, पण जिथे रोज मेणबत्ती लागायची ती फळी पुसायची राहिली होती. त्यांनी मेणाचा कपचा बोटांत चुरला आणि मागे वळून पाहिलं. दारात आई उभी होती. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मी धबधब्याविषयी बोलायला लागले. तो कुठला आहे, त्याची उंची किती आहे. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

मंडळी निघाली. अजितने एक बूट घातला होता. पाहुणे आल्यापासून एक अक्षर न बोललेली माझी आई हॉलमधून चालत आली, उंबरा ओलांडून रांगोळीवर उभी राहिली आणि तिने पार्वताबाईंना हात जोडले.

"जयभीम, बाई."

अजित एका पायात बूट आणि एका हातात बूट असा उभा राहिला. खुशबूने डोळे मिटले.

"जयभीम माय," पार्वताबाई म्हणाल्या. "मेण पाहून मले समजलंच. आमच्याही फळीवर असंच साचलं होतं, जुन्या गावच्या घरी. ते घर गेलं पाण्यात, फळीसकट."

मग सगळं बाहेर आलं. अजितचं नाव अश्वजित होतं, आडनाव रामटेके. या वर्षात त्यांनी दोन घरं पसंत केली होती आणि आडनाव सांगितल्यावर दोन्ही घरं त्याच संध्याकाळी विकली गेली होती. तिसऱ्या वेळी खुशबूने ठरवलं की आता आडनाव सगळ्यात शेवटी. टिकली आणि धागा बुधवारीच पवनीच्या बाजारातून आणले होते. आणि आमच्या दारात आल्यावर तुळस, दिवा, लक्ष्मी, आणि वर माझं ते वाक्य!

अश्वजित माझ्याकडे वळला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं.

"मॅडम, तुमी तं म्हणल्या, इथं तसलं कोणी नाई."

माझ्याकडे भरपूर शब्द होते, हे मी वर सांगितलंच आहे. त्यातला एकही सापडला नाही.

मी माझा राग भुपेंद्रवर काढायला फाटकाशी गेले. त्याला दोन्ही घरची आडनावं माहीत होती, मग बोलला का नाही? त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि मला समजावून सांगितलं.

"ताई, तुमी म्हणल्या आडनाव सांगू नोको. तेही म्हणले आडनाव सांगू नोको. मले वाटलं, तुमच्यात तशी पद्धतच असन."

कुंताबाई कुंपणावरून सगळं ऐकत होत्या. त्यांनी अश्वजितला विचारलं, मार्गशीर्षातला बायकांचा गुरुवार माणसं केव्हापासून धरायला लागली? मग माझ्याकडे मोर्चा वळवला. "आमी पाहुण्यायले पत्ता सांगतो तं म्हणतो, मास्तरच्या निळ्या घराच्या बाजूचं. आता काय सांगावं व बाई? हिरव्या-पिवळ्या घराच्या बाजूचं?" मी त्यांची कुंडी उचलली आणि स्वतः त्यांच्या अंगणात नेऊन ठेवली. त्या म्हणाल्या, "मागितली म्हणून देल्ली. मले वाटलं, मास्तर गेल्यावर तुमाले लाज वाटाले लागली."

 

परत आले तर सगळ्यांचे उपास सुटले होते. गार पोह्यांवर गरम तर्री ओतून मंडळी जेवत होती. आईने पेटी उघडली होती. पार्वताबाईंनी स्टूल धरलं आणि आईने आधी मोठा फोटो त्याच्या चौकोनावर लावला, मग बाबांचा. दोन्ही डब्याला झाकण बसावं तसे बसले. पार्वताबाई बाबांच्या फोटोपुढे जरा वेळ उभ्या राहिल्या. मास्तर का, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, हो. मग अश्वजितने स्वयंपाकघर पाहिलं, गच्ची पाहिली आणि घरातला एकूण एक नळ सोडून पाहिला.

रविवारी आईने भैयाजींना नाही म्हणून कळवलं. अश्वजितची अट एकच होती, पुढची भिंत पुन्हा निळी करून द्या. तो म्हणाला, "निळं घर पाहून आलो असतो तं दारातच हो म्हटलं असतं." 'पाहून यावं' हे बाबांचं वाक्य त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. निळ्या रंगाचे दोन हात मी स्वतः दिले. क्रीमही एका हातात मरत नाही.

रात्री आईला विचारलं, जयभीम तोंडातून चुकून निघालं का गं? ती म्हणाली, "चुकून तं तू बोलली."

जानेवारीत आई माझ्याकडे आली. बाबांचा फोटो तिने सोबत आणला. मोठा तिथेच ठेवला. तो त्या भिंतीचाच आहे, म्हणाली. फेब्रुवारीत काही कागदांवर सह्या घ्यायला मी अड्याळला गेले. चूल, म्हणजे गॅस, पेटलेला होता. फळीवर ताजं मेण होतं. आणि बाबांच्या रिकाम्या चौकोनावर पार्वताबाईंनी माझा धबधबा टांगला होता.

मी पाहत राहिले तशा त्या म्हणाल्या, "पाणी असं भिंतीवर टांगून असलं तं बरं. घरात येत नाई."

धबधबा त्या चौकोनालाही बोटभर लहान पडतो. चारी बाजूंनी बाबांच्या फोटोमागचा रंग दिसतो. याहून जरा मोठं चित्र लावायला हवं होतं, हे माझ्या तोंडाशी आलं होतं; ते न दुखावता कसं सांगायचं, तेही मला माहीत होतं.

"काही म्हणून राहिली का बाई?" पार्वताबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "असंच राहू द्या."